चार पटीचा शेअर आणि माझ्या टिकल्या

मी कॉम्प्युटरची वायर ओढली तेव्हा बाजार चालू होता.

भिंतीतली पिन काढून काही उपयोग नव्हता, हे मला ठाऊक होतं. टेबलाखाली बॅटरीचा डबा होता. लाइन गेली तरी त्याच्यावर मशीन बराच वेळ चालायची. त्या डब्यावरची धूळ इतकी वर्षं मीच पुसत आले होते, म्हणून कोणती वायर कुठे जाते ते मला मालकापेक्षा जास्त माहीत होतं. मी खाली वाकले, डब्याच्या मागची जाड काळी वायर धरली आणि ओढली. डब्यातून चर्र आवाज झाला, जळका वास आला आणि दिनेशभाऊंच्या समोरचा पडदा काळा झाला. त्यांचं बोट बटणावर होतं. दाबायचंच बाकी होतं.

खोलीत आम्ही चौघं होतो. दिनेशभाऊ, म्हणजे वर्ध्यातल्या त्या शेअर दलालीच्या ऑफिसचे मालक. नंदा सिस्टर, सावंगीकडच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. माझा मोठा भाऊ सोमाजीदादा, ज्याचा सौदा त्या बटणाखाली अडकला होता. आणि मी, ऑफिसात झाडू मारणारी आणि चहा करणारी यमुना.

दादा खुर्चीतून उठला. "यमू, तुले येड लागलं का वं?"

दिनेशभाऊ एकदम शांतपणे म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

मी म्हटलं, "उद्याचं उद्या पाहू. मशीन चालू व्हायले किती वेळ लागते?"

"वीस मिनिटं. डबा जळला नसेल तर."

"मंग तेवढी वीस मिनिटं मले द्या."

त्या वीस मिनिटांत काय झालं ते पुढे सांगते. आधी हे सांगायला हवं की चौथी शिकलेल्या बाईला मालकाच्या मशीनला हात लावायची हिंमत कशी झाली.

मी त्या ऑफिसात लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. खाली बियाण्यांचं दुकान, वर एक खोली, त्यात एक फोन. फोन नागपूरला लागला की सौदे सांगायचे, आणि नाही लागला की सगळ्यांनी चहा प्यायचा. शेअर तेव्हा कागदाचे असत. विकताना मागे फॉर्म जोडायचा, त्यावर तिकिटं चिकटवायची. ती चिकटवायचं काम माझं. तिसऱ्या महिन्यात दिनेशभाऊंनी मला अजून एक काम दिलं. रोजच्या पेपरातलं भावाचं पान कापून जाड वहीत चिकटवायचं. त्यांच्या वडलांची तशी पद्धत होती म्हणे. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

रोज एकच पान चिकटवत राहिलं की माणूस ते वाचायलाही लागतो. कंपनीचं नाव, भाव, आणि कडेला एक लहानसा आकडा. कुणाचा आठ, कुणाचा बावीस, एका साबणवाल्या कंपनीचा चाळीस. मी एकदा विचारलं, हा कडेचा आकडा कशाचा? दिनेशभाऊ म्हणाले, त्याला पीई म्हणतात. कंपनीने वर्षभरात एका शेअरमागे दहा रुपये कमावले आणि तो शेअर बाजारात दोनशे रुपयाला मिळतो, तर आकडा वीस. म्हणजे एका वर्षाच्या कमाईच्या वीस पट पैसे देऊन तुम्ही तो घेताय. मला वाटतं त्यांना वाटलं असेल, हिला काय कळणार.

मला लगेच कळलं. मी म्हैसवाल्याची पोरगी. सेलूच्या बाजारात माझा बाप आणि दादा म्हशींचे सौदे करत. म्हैस घेताना हाच हिशेब असतो. चारा-ढेप वजा जाता वर्षाला दुधाचे किती सुटतात, आणि म्हशीची किंमत त्याच्या किती पट. बाप विचारायचा, "किंमत किती वर्षांत काढते?" दोन वर्षांत काढते म्हणजे स्वस्त, चार वर्षांत म्हणजे महाग. मी बापाच्या मागे उभी राहून हे ऐकतच मोठी झाले. शाळेपेक्षा तिथे जास्त शिकले, कारण तिथे चुकलं की मार बसायचा.

फक्त एक गोष्ट मला त्या वेळी लक्षात आली नाही, आणि तिची किंमत नंदा सिस्टरांनी मोजली.

नंदा सिस्टर तेव्हा नोकरीत होत्या. पगार झाला की महिन्याला थोडे थोडे शेअर घ्यायच्या, तेही फक्त त्या साबणवाल्या कंपनीचे. कारण विचारलं तर म्हणायच्या, वॉर्डात दिवसातून पन्नास वेळा हात धुते, साबण कुणाचा ते मला दिसतं. कंपनीबद्दल त्या घरच्या माणसासारखं बोलत. "कशी आहे आमची?" असं दारातूनच विचारायच्या. एकदा दिनेशभाऊ बाहेर गेले होते आणि त्या माझ्याशी बोलत बसल्या. मी आपलं शहाणपण सांगितलं. म्हटलं, सिस्टर, तुमच्या साबणाचा आकडा चाळीस आहे. चाळीस वर्षांत किंमत काढणारी म्हैस कोणी घेतं का? बाकीच्या कंपन्या दहा-बारावर मिळताहेत.

त्या हसल्या, पण घरी जाऊन विचार केला असावा. पुढच्या आठवड्यात येऊन सगळे शेअर विकले.

त्यानंतर त्या साबणाचा आकडा चाळीसच राहिला. वर्ष झालं, दोन झाली, पाच झाली. कधी अडतीस, कधी पंचेचाळीस. पण कमाई दरवर्षी वाढत गेली आणि तिच्या मागे भावही. चाळीस हा त्या कंपनीचा महागडा आकडा नव्हताच, तो तिचा नेहमीचा आकडा होता. लोक तिला नेहमीच चाळीस पट देत होते, कारण तिचं दूध दरवर्षी वाढत होतं. असली म्हैस मी कधी पाहिली नव्हती. म्हैस म्हातारी होते, साबण होत नाही.

मी सिस्टरांना सांगितलं की चूक माझी. ती बाई मला एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे पेशंटच्या पलंगाला तापाचा तक्ता लटकवलेला असतो. एका वेळचा ताप पाहून आम्ही काही ठरवत नाही. काल किती होता, परवा किती होता, त्याचं नेहमीचं किती, ते पाहतो. तुमच्या त्या पानांवर फक्त आजचा ताप आहे."

हे मला पटलं. आजच्या आकड्यावरून काही कळत नाही. त्याच कंपनीचा मागच्या दहा वर्षांचा आकडा समोर पाहिजे. आणि माझ्याकडे तर वह्यांच्या वह्या भरून तो होताच.

त्याच वर्षी माझा नवरा वारला. घरात टिकल्यांची सात-आठ पाकिटं उरली होती, जत्रेत एकदम घेतलेली. कपाळाला आता लावायच्या नव्हत्या आणि फेकायच्या तरी कशाला. ऑफिसात दरवर्षी बँका-फायनान्सवाल्यांची मोठी कॅलेंडरं यायची, ती मागून कोरी असत. मी एक कॅलेंडर उलटं केलं, दिनेशभाऊंच्या पट्टीने रेघा मारल्या. खाली दोनचा आकडा, वर ऐंशीचा. डावीकडून उजवीकडे महिने. एका कंपनीला एक कागद. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या कंपनीचा पीई पाहायचा आणि त्या उंचीवर एक टिकली चिकटवायची. वह्यांतून मागची वर्षंही लावली. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तेवढंच काम.

दिनेशभाऊ पहिल्यांदा पाहून म्हणाले, "बाई, ही तर रांगोळी झाली." एका गिऱ्हाइकाला ते अशुभ वाटलं. म्हणाला, सौभाग्याचं लेणं आणि शेअरला? मी म्हटलं, कपाळावर फार वर्षं होतं, तिथे तरी काय वाचवलं त्यानं. पाकिटं संपली तेव्हा दिनेशभाऊंच्या बायकोने स्वतःहून नवीन आणून दिली, आणि तीही चांगल्या डिंकाची.

कागद भरत गेले तसं दिसायला लागलं. प्रत्येक कंपनीची आपली एक उंची असते. साबणाची चाळिसाच्या आसपास, सरकारी बँकेची सहा-सातला, सिमेंटची पंधरा-वीसला. ती त्या पट्ट्यातच वरखाली होत राहते. पट्ट्याच्या फार वर गेली की लोकांना भूल पडली आहे, फार खाली आली की लोक घाबरले आहेत. पण हे अर्धंच खरं आहे, हे कळायला अजून दोन वर्षं गेली. आकडा दोन कारणांनी खाली येतो. भाव पडला तरी येतो आणि कमाई वाढली तरी येतो. कागदावर दोन्ही टिकल्या सारख्याच दिसतात. म्हणून मी टिकलीशेजारी पेनाने अक्षर लिहायला लागले. भावाने खाली आली तर "भा", नफ्याने आली तर "न". एवढंच. याहून जास्त विद्या माझ्याकडे तेव्हाही नव्हती, आजही नाही.

ऑफिसचा एक नियम होता, गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. साबणाच्या प्रकरणानंतर तो मी फार कडक पाळला. माझ्या डोळ्यांसमोर लोकांनी काय काय घेतलं. मी चहा दिला आणि गप्प बसले. त्याचा आता कधी कधी पश्चात्ताप होतो, पण प्रत्येक वेळी वायर ओढली असती तर ऑफिस चाललं नसतं.

आता दादाचं सांगते.

आमच्या गावाजवळून मोठा रस्ता गेला तेव्हा दादाच्या अकरा एकरांतले सहा त्यात गेले. मोबदला आला. आयुष्यात एवढा पैसा एकदम पाहिला नव्हता त्याने. गावाला तर त्याच्याहून आधी कळलं. त्या उन्हाळ्यात दादाच्या नातवासाठी, मंगेशसाठी, सोयरीक घेऊन एकामागून एक पाहुणे यायला लागले. जे लोक आधी रस्त्यात ओळख देत नव्हते तेही आले. कुणी विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती, तर दादा मोबदल्याचा आकडा सांगायचा. पाहुणे दोन-दोन वाट्या आमरस पिऊन जायचे. पुढच्या वर्षी चौकशी केली तेव्हा उरलेल्या पाच एकरांचं उत्पन्न सांगावं लागलं, आणि येणारे आपोआप कमी झाले. नातवाचं लग्न शेवटी झालं, सेलूच्याच साध्या घरात, आणि नातसून चांगली आहे.

पैसे बँकेत पडून होते. दादाला ते टोचत होते. बसलेली म्हैस आणि बसलेला पैसा दोन्ही खातात, असं त्याचं म्हणणं. मी रजेवर असताना एक दिवस तो गुपचूप ऑफिसात आला आणि खातं उघडून गेला. मला सांगितलं असतं तर मी नाक खुपसलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग तो त्या दिवशी आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, बाजारात मोठा सौदा करायला जाताना असतो तसा. मला पाहून म्हणाला, "चहा आन, साखर जास्त टाकजो." मी मागच्या बाजूला स्टोव्हकडे गेले. नंदा सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. आता त्या पुन्हा साबणवाल्या झाल्या होत्या, पण कमी शेअर आणि महाग भाव.

सौदा मशीनमध्ये घालण्याआधी दिनेशभाऊ तो मोठ्याने वाचून दाखवत. नाव, किती शेअर, काय भाव. गिऱ्हाइकाने हो म्हटलं की बटण. ही त्यांची पद्धत मला फार आवडायची, कारण ऐकण्यात चूक होऊन नंतर भांडण नको. तर मी गाळणीतून चहा ओतत होते आणि त्यांचा आवाज ऐकला. लोखंडी पाइप करणारी एक कंपनी. भाव शहाण्णव. आणि शेअर इतके, की मी मनात गुणाकार केला आणि कप खाली ठेवला. सहा एकर पूर्ण. एक रुपयाही मागे नाही.

मी बाहेर आले. दादाला विचारलं, हेच काऊन? तो खूश होता. म्हणाला, "पीई चार हाय यमू. चार वर्षांत किंमत काढते. बाकीच्या साऱ्या वीस-वीस वर्षांच्या. बापानं असली म्हैस सोडली असती का?"

पाइपवाल्या कंपनीचा कागद माझ्या स्टोव्हच्या वरच लटकवलेला होता. रोज चहा उकळताना समोर. त्या कागदाची चाल मला तोंडपाठ होती. मी म्हटलं, दादा, थांब. तो म्हणाला, तू चहा आन. मी दिनेशभाऊंना म्हटलं, भाऊ, थांबा. ते म्हणाले, बाई, गिऱ्हाइकाच्या मध्ये पडायचं नाही, तुम्हाला नियम माहीत आहे. दादाने हो म्हटलं. दिनेशभाऊंचं बोट बटणावर गेलं.

मग मी टेबलाखाली वाकले.

आता वीस मिनिटं होती. दिनेशभाऊ जमिनीवर बसून डबा तपासत होते आणि मधूनमधून माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच जळले आहे. मी मागे जाऊन तो कागद काढला. स्टोव्हच्या वाफेने जरा पिवळा पडला होता. दादाच्या मांडीवर ठेवला.

"हे काय व्हय?"

"तुह्या म्हशीचं दूध. पंधरा वर्षांचं."

त्याला वाचायला फार येत नाही, पण टिकल्या दिसत होत्या. मी बोटाने दाखवलं. ही कंपनी बहुतेक वर्षं आठ ते चौदाच्या मध्ये. याआधी दोनदा मात्र अशीच खाली आली, चार-पाचवर. दोन्ही वेळी शेजारी "न" लिहिलेलं. आणि दोन्ही वेळी वर्षभराने टिकली टुणकन वर, वीसच्याही पुढे.

दादा खूश झाला. "वर गेली म्हंजे भाव वाढला. हेच त मी म्हनून राह्यलो."

"भाव नाई वाढला दादा. भाव पडला. तरी टिकली वर गेली, काऊन का कमाई त्याहून जास्त आटली."

तो कागद त्याने जवळ घेतला. माझा भाऊ फार हट्टी आहे, पण म्हशीचा विषय निघाला की त्याचा चेहरा बदलतो. तो आता गिऱ्हाईक राहिला नव्हता, सौदेवाला झाला होता. सेलूच्या बाजारात काही लोक विकायच्या म्हशीची आदल्या वेळची धार काढतच नाहीत. दूध थानात तसंच ठेवतात. मग बाजारात धार काढून दाखवतात, बादली भरते, आणि नवखा माणूस हुरळतो. दादाने असल्या शंभर म्हशी पकडल्या असतील. बाजारात विचारतो तोच प्रश्न त्याने विचारला.

"औंदा इतकं दूध आलं कुठून?"

ते मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. माझ्याकडे फक्त टिकल्या आणि एक "न" होता.

दिनेशभाऊ खालून म्हणाले, "साबणाच्या वेळी पण तुम्ही अशाच ठाम होत्या, बाई."

हे मला लागलं. कारण खरं होतं. त्या क्षणी मला वाटलं की मी नोकरीही घालवली आणि भावाचा आयुष्यातला एक चांगला सौदाही.

नंदा सिस्टर तोपर्यंत शांतपणे चहा पीत होत्या, माझाच अर्धवट गाळलेला. त्यांनी कप ठेवला. "दिनेशभाऊ, साबण माझा होता. मी काही बोलत नाही तर तुम्ही कशाला बोलता? आणि तुमच्या कपाटात त्या कंपनीचं वार्षिक पुस्तक आहे. मागच्या आठवड्यात पोस्टाने आलं तेव्हा मी इथेच बसले होते. ते काढा की."

दिनेशभाऊ थोडे ओशाळले. वार्षिक पुस्तक ज्याच्याकडे शेअर असतात त्याच्याकडेच येतं. म्हणजे त्यांनी स्वतःसाठीही घेतले होते, चार पट पाहूनच. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, चष्मा वर केला, परत खाली केला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"इतर उत्पन्न," ते म्हणाले. "जुन्या कारखान्याची जमीन विकली आहे यांनी. एका शेअरमागे चोवीस रुपये नफा दिसतो. त्यातले अठरा जमिनीचे आहेत."

म्हणजे पाइप विकून फक्त सहा. शहाण्णव भागिले सहा, सोळा पट. चार पटीची कंपनी नव्हतीच ती. आपल्या नेहमीच्या पट्ट्याच्याही वर होती, महाग होती. मशीन मात्र सगळा नफा एकत्र धरून चारच दाखवत होती. मशीनला कोण सांगणार, की जमीन एकदाच विकता येते?

दादा अजून कागदाकडे पाहत होता. मी विचारलं, "दादा, रस्त्यात जमीन गेली त्या वर्षी तुही कमाई केवढी होती?"

त्याने आकडा सांगितला. जरा मोठ्यानेच, सवयीने.

"आन औंदा?"

तो वर पंख्याकडे पाहायला लागला.

"त्या वर्षी मंगेशसाठी किती सोयरीकी आल्या? आन पुढच्या वर्षी किती?"

पंखा बंदच होता, तरी तो पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता. दुपट्टा तोंडाला लावून हसत होता.

"म्हंजे हे कंपनी माह्यासारखीच हाय," तो म्हणाला. "सहा एकर इकून बसली, आन मी तिच्या घरी पाहुना बनून आमरस प्याले गेलो."

नंदा सिस्टरांना ठसका लागला. दिनेशभाऊ हातात जळका डबा घेऊन हसले. मी पण हसले, पण जपून, कारण नोकरीचं अजून ठरायचं होतं. मशीन डब्याशिवाय थेट लाइनवर चालू झाली तेव्हा दिनेशभाऊंनी विचारलं, सौदा घालू का? दादा म्हणाला, "राहू द्या. दूध आदल्या वेळचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी गेले, झाडू मारला, चहा ठेवला. दिनेशभाऊ म्हणाले, काल साखर जास्त झाली होती. नोकरीचा विषय तेवढ्यावर संपला. त्याच सकाळी त्यांनी स्वतःचे पाइपचे शेअर विकून टाकले.

इथे ही गोष्ट थांबली असती तर मी फार शहाणी ठरले असते. तसं झालं नाही. पुढचे चार महिने तो शेअर चढतच गेला. शहाण्णवचे एकशे तीस झाले. दिनेशभाऊ बोलत नसत, पण भाव पाहताना घसा खाकरत. दादा मात्र बोलायचा. सेलूच्या बाजारात भेटला की म्हशीवाल्यांसमोर म्हणायचा, "हे माही बहीन. हिनं मले कपाळाच्या टिकल्यांवरून सौदा सोडाले लावला." मी म्हणायची, लाव टिकली तुह्या कपाळाले, मग बोल. लोकांची करमणूक व्हायची. मी त्या चार महिन्यांत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी टिकली लावली. चढत्या भावाला मी खोटं म्हणू शकत नव्हते, आणि कागदाला खोटं म्हणायला कारण नव्हतं.

मग वर्ष संपलं आणि त्या वर्षाचा नफा आला. एका शेअरमागे पाच रुपये. विकायला आता जमीन नव्हती. एकशे तीसला तो शेअर सव्वीस पट झाला आणि ते एका दिवसात सगळ्यांना दिसलं. टिकली टुणकन वर, तिसऱ्यांदा. मग भाव खाली यायला लागला आणि पंचेचाळीसवर येऊन बसला. नऊ पट. आपल्या पट्ट्यात परत, जसा तापातून उठलेला माणूस.

दादाने मला काही म्हटलं नाही. तसं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. एक दिवस तो दुपारी ऑफिसात आला, हातात झाकलेला डबा. नवीन म्हैस व्याली होती, तिच्या पहिल्या चिकाचा खर्वस. वेलची टाकलेला, घट्ट. दिनेशभाऊंना दिला, सिस्टरांना दिला, मला सगळ्यांत शेवटी दिला आणि माझ्या कागदांसमोर उभा राहिला. रस्त्याच्या पैशांतले काही बँकेत राहिले, काहींची गावाजवळ तीन एकर जमीन आली, काहींच्या म्हशी आल्या. आणि सिस्टरांच्या नादाने थोडे साबणाचे शेअरही. आता तो दर महिन्याला फोन करतो. नातवाची खबर शेवटी, आधी विचारतो, "साबनाची टिकली कुठी हाय?" मी ऑफिसात विचारून सांगते, एकेचाळीस. तो म्हणतो, "बरं हाय," जसं काही गोठ्यात जाऊन पाहून आला.

लोक मला विचारतात, तुझ्याकडे किती शेअर आहेत. ते मी सांगत नाही. पीई किती असला की घ्यावा, तेही विचारतात. तेही मला माहीत नाही. कमी आकडा दिसला की मी एवढंच पाहते की भाव पडला की दूध वाढलं, आणि दूध वाढलं असेल तर ते रोजचं आहे की आदल्या वेळचं. यात चुकतेही. सिमेंटच्या एका कंपनीत मी अशी चुकले आहे की तो कागद मी उलटा लटकवून ठेवलाय.

गुडघे दुखायला लागल्यावर मी काम सोडलं. कागद ऑफिसातच आहेत. आता सगळं मोबाइलवर दिसतं, दहा-दहा वर्षांची रेघ एका बोटात. दिनेशभाऊंनी ते दाखवलं तेव्हा मी पाहिलं, बरोबर होतं. "भा" आणि "न" मात्र त्यात कुणी लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. दादा एक्याऐंशीचा आहे आणि अजून धार स्वतः काढतो. नंदा सिस्टर आहेत. दिनेशभाऊ आहेत, रोज ऑफिसात येतात. मी पंचाहत्तरची आहे. पाइपवाली कंपनीही आहे. बॅटरीचा डबा तेवढा गेला.